चालत्या गाडीचे आकडे

किल्ली फिरवली, की सेल्फ मारायच्या आधी आमच्या व्हॅनमध्ये मागून एक आवाज येतो. घूंऽऽ असा, दोन सेकंद, आणि थांबतो. टाकीतला पंप पेट्रोलच्या नळीत दाब तयार करून ठेवतो, त्याचा तो आवाज. सतरा वर्षं मी तो ऐकत होते, पण ऐकते आहे हे कधी जाणवलं नव्हतं. २०२३ च्या जुलैत एका सकाळी तो आला नाही. हात किल्लीवर तसाच राहिला. काहीतरी राहून गेलंय एवढंच कळलं. काय ते कळायला मिनिटभर गेलं.

सेल्फ जोरात फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. मागे कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, आमसुलांची खोकी, फणसपोळ्या. शृंगारतळी आणि गुहागरची दुकानं त्या दिवशी करायची होती. बाहेर चिपळूणचा आषाढातला पाऊस, दोन दिवस सलग. मी चाचांना फोन लावला. बहादूरशेख नाक्याजवळ त्यांचं छोटं गॅरेज आहे. गाडी घेतली तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही.

चाचा आले ते छत्री मिटताच म्हणाले, "ताई, किल्ली ऑन करा. सेल्फ नका मारू. तो इंजिनाचा पिवळा दिवा लागतोय?"

लागत नव्हता.

"मग प्लग, पंप काही खोलत नाही. दिवा लावणारा आणि पंपाला दोन सेकंद चाल म्हणून सांगणारा एकच आहे. तोच उठत नाहीये."

तो म्हणजे डॅशबोर्डच्या खाली, डाव्या बाजूला पत्र्याला कसलेला एक चपटा अ‍ॅल्युमिनियमचा डबा. कुणी त्याला ईसीएम म्हणतं, कुणी कॉम्प्युटर. चाचा ब्रेन म्हणतात. साधारण वहीएवढा. आमची व्हॅन २००६ ची. तिच्या आधीच्या व्हॅनना कार्बोरेटर असायचा. हवेच्या ओढीनं पेट्रोल आपोआप खेचलं जायचं आणि मिस्त्री कानानं स्क्रू फिरवून ते बसवायचे. २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि ते काम या डब्याकडे आलं. इंजिनात हवा किती शिरली, पाणी किती तापलंय, पाय पॅडलवर किती आहे, क्रँक कुठे पोचलाय, हे सगळं व्होल्टच्या भाषेत त्याच्याकडे येतं आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, ठिणगी नेमकी केव्हा टाकायची हे तो ठरवतो. हिशेब साधारण एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवेचा, वजनानं. हा हिशेब तो आमच्यासाठी एवढी वर्षं करत होता आणि मी त्याचं झाकणसुद्धा पाहिलं नव्हतं.

चाचांनी डावीकडचं पॅनेल काढलं आणि माझ्याकडे हेअर ड्रायर मागितला. दहा मिनिटं त्या डब्यावर गरम हवा धरली. "आता करा ऑन." पिवळा दिवा लागला. मागून आवाज आला, घूंऽऽ. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मला इतका आनंद झाला की मी चहा टाकायला आत वळले. चाचा मात्र तिथेच बसून राहिले होते, तोंड उतरलेलं. "गरम केल्यावर उठतो म्हणजे आतून गेलाय, ताई. हे पुराचंच आहे."

पूर. त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती.

२२ जुलै २०२१, गुरुवार. वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी रात्रीच गावात शिरायला लागलं होतं. आमचं घर मुरादपूरला. २००५ च्या पुराची खूण सासऱ्यांनी जिन्याजवळच्या भिंतीवर करून ठेवली होती आणि आमचा सगळा भरवसा त्या खुणेवर. माल तिच्या वर उचलून ठेवला. सकाळी ती खूणच पाण्याखाली गेली. माडीवरच्या खिडकीतून व्हॅनचा फक्त टप दिसत होता, मग तोही दिसेना. पाणी उतरल्यावर राहिला तो गाळ. कपाटात, डब्यांत, स्विचबोर्डात, देवांच्या मागे. दीडशे वर्षांहून जुन्या आमच्या वाचन मंदिराची पुस्तकं भिजली, बाजारपेठेतली वर्षानुवर्षांची खातेवही भिजली. त्यात एका जुन्या व्हॅनचं कुणी काय मनावर घ्यायचं? शिवाय तिची पंधरा वर्षं त्याच साली भरत होती. भंगारात द्या, सगळेच म्हणाले.

मला ती द्यायची नव्हती. हिशेब एवढाच होता, की त्या महिन्यात नवी गाडी घ्यायला पैसे नव्हते आणि गाडीशिवाय पैसे येणार नव्हते. चाचांचं स्वतःचं गॅरेज बुडालेलं असताना त्यांनी आमचं इंजिन खोललं. आमच्या व्हॅनला इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलून पाहिलं तर आत चिखलाची घट्ट वडी झालेली. सेल्फ मारायचा नाही अशी त्यांनी सक्त ताकीद दिली होती, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल तीन वेळा बदललं. गाडी उभी राहिली. नोंदणीही पाच वर्षांसाठी पुढे वाढवून घेतली. नशिबानं वेळेत, कारण एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाची फी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेली.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली आणि ती मी इथे लिहून ठेवते, कारण पुरात गाडी सापडलेल्या दुसऱ्या कुणाला तरी तिचा उपयोग होईल. पूर उतरल्यावर आठव्या-नवव्या दिवशी, चाचा यायच्या आधीच, मी शेजारच्या मुलाला सांगून चार्ज केलेली बॅटरी लावून घेतली. दिवे लागतात का, एवढंच मला बघायचं होतं. लागले. त्या दिवसांत घरात लागलेला तो पहिला दिवा होता, म्हणून मी बॅटरी काढलीच नाही. ब्रेनचा डबा बाहेरून पुसला, वाळवला, पण कुणी उघडला नाही. इंजिनाजवळ बसवलेले डबे पाणी जाऊ नये असे बंद केलेले असतात. आमचा केबिनमधला; त्याच्या कडेला नुसतं पत्र्यावर पत्रा.

ऑगस्ट संपता संपता ड्रायरनंही तो उठेना, तेव्हा चाचांनी चार स्क्रू काढून झाकण उघडलं. बोर्डाच्या एका कोपऱ्यात गाळाची पातळ रेघ होती, चहाच्या कपात तळाशी उमटते तशी. तिथून पुढे हिरवा रंग चढत गेलेला. माझा नवरा लोट्याला रासायनिक कारखान्यात आहे, गंजाशी त्याची रोजची गाठ. तो चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सगळीकडे सारखं नाहीये बघ. बाकीच्या रेघा मळल्यात, ही एकच खाल्लीय."

ती रेघ कुठून येते ते चाचांनी टेस्टरनं शोधलं. ती होती कायम बॅटरीला जोडलेल्या पिनेची. किल्ली काढली तरी या एका पिनेला १२ व्होल्ट मिळत राहतात. चालता चालता ब्रेन जे शिकलेला असतो, म्हणजे या इंजिनाला पेट्रोल थोडं जास्त लागतं, आयडलला, म्हणजे पाय पॅडलवर नसताना, हवा इतकी लागते, ते त्यानं विसरू नये म्हणून. आणि किल्ली फिरवल्यावर सगळ्यात आधी जागा होतो तो भागही याच रेघेवर. गाळातले क्षार कोरडे असताना गप्प असतात. पावसाळी हवेत ओल धरली, की त्यांच्यातून वीज झिरपायला लागते, आणि जिथे कायम धन व्होल्टेज आहे तिथलं तांबं झिजत जातं. रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही. पहिल्या पावसाळ्यात थोडं, दुसऱ्यात आणखी थोडं. केसाएवढं तांबं उरलं होतं, ते ड्रायरच्या उष्णतेनं जेमतेम जुळत होतं. मी बॅटरी लावली नसती आणि डबा आधी उघडून स्पिरिटनं धुतला असता, तर कदाचित तो आजही चालला असता. हे मला दोघांपैकी कुणी बोललं नाही. मीच समजले.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे गणपती एकोणीस सप्टेंबरला, उशिरा. चाकरमानी यायच्या आधी दुकानांत माल पोचला पाहिजे. आमची निम्मी विक्री त्या पंधरवड्यातली. भाड्याच्या टेम्पोनं एक फेरी केली आणि त्यात काही उरलं नाही. नवा ब्रेन मागवायचा तर त्या मॉडेलचा आता तयार मिळत नाही, मागणी नोंदवून वाट बघा, असं उत्तर आलं.

मग मी जुना डबा स्टीलच्या पुरणपोळीच्या डब्यात कोरड्या फडक्यात गुंडाळून एसटीनं निघाले. कुंभार्ली घाट धुक्यात होता. हेळवाकला पाऊस थोडा कमी झाला, पाटणच्या पुढे तर ऊनच. घाटावर आलं की हवेतला दमटपणा अंगावरून उतरल्यासारखा वाटतो. त्या दिवशी मांडीवर तो डबा असल्यामुळे मला ते फार जाणवलं. कऱ्हाडला गाडी बदलून कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या आवाजात, एका पोटमाळ्यावर एक पंचविशीतला मुलगा हेच काम करतो. समोर मायक्रोस्कोप, बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री, गरम हवेचा पाइप. त्यानं मला भिंगातून माझा बोर्ड दाखवला. उघड्या डोळ्यांना जी हिरवी बुरशी वाटत होती ते भिंगाखाली स्फटिकांचं रान होतं.

"रेघ जोडून देऊ शकतो काकू," तो म्हणाला, "पण या मोठ्या चिपच्या पोटाखाली पण गेलंय. आज चालेल. घाटात बंद पडली तर मला शिव्या द्याल."

खरं सांगणारा माणूस भेटला की अर्धी काळजी कमी होते. त्याच्याकडे अपघातात गेलेल्या गाड्यांचे डबे होते. बाहेरून हुबेहूब तसेच दोन निघाले. पण लेबलवरच्या नंबराची शेवटची अक्षरं जुळायला हवीत. एकाच व्हॅनमध्ये गॅसचं मॉडेल निराळं, धुराच्या नियमांच्या टप्प्याप्रमाणे निराळं. एक जुळला. मी झाकण उघडून दाखवायला सांगितलं. आत कोरडं, स्वच्छ. साडेचार हजार.

एवढ्यानं भागत नव्हतं. आमच्या किल्लीच्या मुठीत एक चिप आहे; ब्रेन तिला ओळखतो तेव्हाच इंजिन चालू देतो. दुसऱ्या गाडीच्या ब्रेनला आमची किल्ली परकी. त्यानं आमच्या जुन्या बोर्डावरचा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, आठ पायांचा एक तुकडा गरम हवेनं अलगद उचलला आणि नव्या बोर्डावर त्याच जागी बसवला. किल्लीची ओळख त्या तुकड्यात साठवलेली असते. पंधरा मिनिटांचं काम, पण त्यातली दोन मिनिटं मी श्वास धरून होते. पुरातून वाचलेलं तेवढंच त्या डब्यातून पुढे आलं.

घरी आले ती उद्या गाडी सुरू होणार या भरवशावर. चाचांनी डबा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिला.

"जुना कशानं मेला ते कळलं. पण बाकी कोण आजारी आहे ते बघितल्याशिवाय हा लावायचा नाही."

मला राग आला. गणपती दहा दिवसांवर. मी बोललेसुद्धा थोडं. चाचा ऐकून घेऊन कामाला लागले. ब्रेनच्या कपलरमधल्या, म्हणजे वायरी जिथे खोचतात तिथल्या, पिना हिरव्या होत्या. ब्रश आणि स्पिरिटनं घासल्या, तीन तर बदलल्याच. मग अर्थिंग. बॅटरीचं ऋण टोक आणि ब्रेनला मिळणारी अर्थ यांच्यात सेल्फ मारताना ०.७ व्होल्ट दिसत होते, दिसायला नकोत. बॉडीला जिथे वायर कसलेली ती जागा गंजलेली निघाली. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून पुन्हा कसली, तेव्हा काटा जवळजवळ शून्यावर आला. इंजेक्टर मोजले, १२ ते १६ ओहमच्या मध्ये, ठीक. मग आयडल सांभाळणारा व्हॉल्व्ह. त्याच्या कॉइलचा आकडा आला आणि चाचा थांबले. कमी वाटतोय म्हणाले, पण किती असायला हवा?

ते त्यांच्या वहीत होतं. वीस-एक वर्षं चाचा एक जाड वही ठेवत आलेत. गाडीचं मॉडेल, पिनेचा नंबर, किल्ली ऑनला किती व्होल्ट, आयडलला किती, गरम झाल्यावर किती. कंपनीचं मॅन्युअल त्यांच्या हाती कधी आलं नाही. जी गाडी नीट चालत गॅरेजला यायची, ऑइल बदलायला किंवा पंक्चरला, तिचं झाकण काढून ते पाच मिनिटं मोजून घ्यायचे. वही पुरात सापडली. त्यांच्या बायकोनं एकेक पान सोडवून दोरीवर वाळत घातलं होतं. बॉलपेननं लिहिलेलं राहिलं. पण सुरुवातीची बरीच पानं शाईच्या पेनाची, आणि आमचं मॉडेल त्या पानांत. चाचांनी मला ते पान दाखवलं. रेघोट्या मारलेला तक्ता शिल्लक, रकान्यांत फिकट निळे ढग.

दुसऱ्या दिवशी ते खेंडला गेले. तिथे एक जण आमच्याच मॉडेलच्या व्हॅननं शाळेची मुलं ने-आण करतो. मुलं उतरेपर्यंत थांबले, त्याच्या गाडीचा तोच व्हॉल्व्ह मोजला, आणि परत आले. आमचा आकडा त्याच्या पाव पट भरला. आतून कॉइल शॉर्ट झालेली होती. "हा तसाच ठेवून नवा ब्रेन लावला असता, तर जास्त करंट ओढून याला चालवणारा ट्रान्झिस्टर जळला असता. आठवड्यात परत कोल्हापूर." माझा राग तिथे संपला. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली.

त्या एका दिवसाचा विचार मी अजून करते. चाचा तीन किलोमीटर गेले ते एका धडधाकट गाडीकडे, आजारी गाडीचं काय बिघडलंय ते शोधायला. पुरानं आमच्या गावातून अशा किती चांगल्या दिवसांच्या नोंदी नेल्या असतील! २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. मला ते मनापासून हवं आहे. पंधरा वर्षांनी गाडीचे भाग बनवणं थांबवलंत तर एक वेळ समजू शकते, पण तिची वायरिंग कशी आहे आणि कुठल्या पिनेला किती व्होल्ट यायला हवेत हे कागद कुलपात ठेवून कुणाचं काय भलं होतं? ते कागद नाक्यानाक्यावरच्या चाचांकडे असायला हवेत, आणि वहीत नाही तर पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी.

व्हॉल्व्ह बदलला. बॅटरी सोडलेली ठेवूनच ब्रेन जोडला, आणि या वेळी डबा आधीपेक्षा हातभर वर, कपलर खाली तोंड करून, म्हणजे वायरीवरून पाणी ओघळलं तरी आत जाणार नाही. मग बॅटरी. किल्ली ऑन. पिवळा दिवा. आवाज. चाचांनी बोट वर केलं, मी सेल्फ मारला नाही. आमची गाडी स्कॅनरशी बोलणाऱ्यांतली नाही. तिच्या एका छोट्या कपलरमध्ये वायरीचा तुकडा घालून दोन पिना जोडल्या, की हाच दिवा उघडझाप करून सांगतो. मी, नवरा आणि चाचा, तिघंही डॅशबोर्डावर वाकून मोजत होतो. एकदा. थांबला. दोनदा. पुन्हा एकदा, पुन्हा दोनदा. बारा. बारा म्हणजे दोष नाही.

पहिले दोन दिवस आयडल थोडं वरखाली होत होतं. ब्रेन कोरा होता, आमचं इंजिन त्याला माहीत नव्हतं. गुहागरच्या दोन फेऱ्यांत ते बसलं. गणपतीच्या आधी सगळ्या दुकानांत माल पोचला.

गौरी-गणपती झाल्यावर मी एक नवी वही घेतली, बॉलपेन घेतलं आणि गाडी घेऊन चाचांकडे गेले. बिघाड काही नव्हता. चाचांना आधी कळेना मी कशाला आलेय. मग त्यांनी मीटर काढला. मी पुढच्या सीटवर वही घेऊन बसले, ते डॅशबोर्डखाली. पिनेचा नंबर सांगायचे, मग आकडा. थ्रॉटल बंद, ०.५. पूर्ण दाबलं, ४.४. सेन्सरांना जाणारे पाच व्होल्ट, ५.०२. इंजिन चालू करून पुन्हा सगळं. इंजिन तापल्यावर पाण्याच्या सेन्सरचा रोध, तीनशेच्या जरा वर. आयडल व्हॉल्व्हचा आकडा मी दोनदा लिहिला, वर चौकट केली. दर पानाचा फोटो काढून मुलीला पुण्याला पाठवत गेले.

शेवटी एक रकाना रिकामा राहिला. तोच पाण्याचा सेन्सर, पण गार इंजिनावरचा. ते आता मोजता येणार नव्हतं, इंजिन चांगलं तापलं होतं.

"गाडी इथेच ठेवून जा," चाचा म्हणाले. "उद्या सकाळी किल्ली लावायच्या आधी घेतो."

मी वही सीटवर उघडीच ठेवली, त्या पानावर पेन आडवं ठेवून, आणि रिक्षानं घरी आले.